संगणकाच्या स्मृतिपट्ट्यांचा मेळ

संगणकाची कार्यस्मृती, म्हणजेच रॅम, वाढवावयाची झाल्यास जुन्या पट्टीशेजारी नवी बसविली की पुरे, असे पुष्कळांस वाटते. वस्तुतः दोहोंचा मेळ जमावा लागतो. मेजावरील संगणकाच्या डीडीआर-४ व डीडीआर-५ या दोन्ही जातींच्या पट्ट्यांस २८८ संपर्कबिंदू असतात. परंतु खाच निराळ्या जागी असल्याने एकीच्या खोबणीत दुसरी बसत नाही.

जात एकच, पण वेग भिन्न असला तर? प्रत्येक पट्टीवरील एका लहानशा चिपमध्ये तिचा वेग नोंदलेला असतो. संगणक सुरू होताना तो वाचतो आणि सामान्यतः मंद पट्टीचा वेग सर्वांस लावतो. ३२०० व २६६६ अशा पट्ट्या एकत्र आल्यास दोन्ही २६६६ नेच चालतात.

एका संचातील पट्ट्या एकत्र पारखलेल्या असतात. निरनिराळ्या संचांस, उत्पादक एकच असला तरी, ती हमी नसते. संगणक सुरू झाला म्हणजे मेळ जमला, असेही नव्हे. एखाद्या बिटातील शून्याचा एक झाला, तर चुकीचा आकडा मुकाट्याने साठविला जातो. म्हणून मेमटेस्ट-८६ सारख्या आज्ञावलीने संपूर्ण स्मृतीची परीक्षा घ्यावी. एकही दोष आढळल्यास तो जोड मोडावा.