दोन ताटं

चि. बाळास,


अक्काचा फोन आला होता. रडत होती, म्हणून तुला न विचारताच लिहायला बसलोय. गेल्या मंगळवारी तुझ्या घरमालकीण आजी रात्री साडेदहापर्यंत दोन ताटं मांडून बसल्या होत्या आणि तू जनरल शिफ्ट सुटल्यावर परस्पर मित्रांच्या रूमवर गेलास, हे खरं का? शेजारणीकडून आलेली बातमी, तिखटमीठ लागलेलं असणारच. तेवढं वजा केलं तरी उरतं ते वाईटच.

चाकणच्या तळेगाव चौकातलं ट्रॅफिक मला सांगू नकोस. ट्रॅफिकमध्ये फोन करायला वेळच वेळ असतो.

प्राधिकरणातली खोली लाइटबिलापुरत्या पैशांत मिळाली ती कशासाठी? औषधं आणतोस, गॅसचा नंबर लावतोस, चांगलं आहे. पण ती कामं चार पैसे दिले की कुणीही करेल. रात्री जेवताना समोर माणूस असावं, एवढंच आजींचं मागणं होतं.

आणि कागदाचं काय? नाममात्र पैसे म्हणून टाळू नकोस. 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्यानं लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदवलेला लागतो, नोंदणीची जबाबदारी घरमालकाची. तो नसेल तर अटींबद्दल राहणाऱ्याचं म्हणणं खरं धरतात. ते खोटं पाडायचं काम मालकाचं. म्हणजे कागद नसणं तुझ्याच सोयीचं. आजींच्या अमेरिकेतल्या मुलाला झोप लागत नसेल ती यामुळंच. म्हणून तूच पुढं हो, अकरा महिन्यांचा करार कर, खर्च तू दे.

पण कागदावर ताट मांडता येत नाही, मी पुन्हा तिथंच येतो.

आपले आजोबा पुण्यात वार लावून शिकले, हे तू शंभरदा ऐकलंयस. माझं मी कधी सांगितलं नाही. 1979 साली भोसरीत अप्रेंटिस होतो. चिंचवडगावात, मोरया गोसावींच्या देवळापासून जवळच, एका वाड्यात म्हाताऱ्या बाईंकडे राहायचो. पाणी भरायचं, दळण आणायचं आणि संध्याकाळी पेपर वाचून दाखवायचा. त्यांना मोतीबिंदू होता. मी वाचायचो, त्या मध्येच सरकारला शिव्या घालायच्या. पर्मनंट झालो, पोरांबरोबर रूम घेतली, "रविवारी येतो" म्हणून निघालो. तो रविवार काही आला नाही. 1982 साली, पिंपरी-चिंचवडची महापालिका झाली त्या वर्षी, लग्नाची पत्रिका घेऊन गेलो तर दाराला कुलूप. शेजारी म्हणाले, "शेवटपर्यंत पेपर चालू होता. वाचायला कुणी नव्हतं, तरी बंद केला नाही." तुझ्या मामीलाही हे ठाऊक नाही.

जरा जास्तच बोललो. दिवसभर लाइनवर उभं राहून पाय कसे भरून येतात, मला माहीत आहे. थर्ड शिफ्टच्या आठवड्यात रात्रीचं जमायचं नाही, तेव्हा सकाळचा चहा आजींबरोबर घे आणि मग झोप. मित्रांकडे जायचं तर खुशाल जा, हेच वय आहे. फक्त दुपारीच सांग, म्हणजे त्या एकच ताट मांडतील.

शेंगदाण्याच्या चटणीचे दोन डबे पाठवतोय. बारीक कुटलेली, कमी तिखटाची आजींची. लसूण जास्त घातलेली तुझी. बारीक झालायस म्हणे.

घरी पोचलास की मलाही एक फोन करत जा. अकरापर्यंत मी जागाच असतो.

तुझा,
मामा