हलकें बालक व आईचें ओझें

जन्मतः ज्या बालकाचें वजन अडीच किलोहून कमी भरतें, त्यास कमी वजनाचें बालक म्हणतात. असें बालक लवकर गारठतें, अंगावर पिण्यास त्यास बळ पुरत नाहीं, व रोग त्यास सहज गांठतो. अशा वेळीं घरचीं माणसें सुनेसच दोष देतात. हा दोष कोणाचा, हें या धड्यांत पाहूं.

पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांचे सहकारी यांनीं १९९३ सालापासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील गर्भवती स्त्रियांची पाहणी केली. त्या स्त्रियांचें सरासरी वजन गर्भ राहण्यापूर्वीं सुमारें ४२ किलो, व त्यांच्या बालकांचें सुमारें २.७ किलो होतें. २००१ सालीं असें प्रसिद्ध झालें कीं, ज्या आया हिरवी पालेभाजी व फळें वारंवार खात आणि दूध घेत, त्यांचीं बालकें अधिक भरदार होतीं. २००३ सालीं दुसरी गोष्ट पुढें आली: शेतकाम, पाणी आणणें, धुणें हे कष्ट जिच्या वांट्यास अधिक, तिचें बालक लहान. मुंबईंतील २००४ सालच्या पाहणींत तंबाखू वा मिश्री वापरणाऱ्या स्त्रियांचीं बालकें सरासरी सुमारें १०५ ग्रॅम हलकीं आढळलीं.

आतां मढकडे पाहूं. माळशेजच्या पावसांत भाताची लावणी चालते, तेव्हां बाई दिवसभर चिखलांत वांकलेली असते. घरीं चूल व धुणें आहेच. सर्वांचीं जेवणें झाल्यावर उरेल तें तिच्या ताटांत पडतें. ‘कमी खाल्लें म्हणजे मूल लहान राहील व बाळंतपण सोपें जाईल,’ ही समजूत तर घातकच होय. म्हणून हा दोष एकट्या सुनेचा नव्हे, सर्व घराचा आहे.

याचा उपाय घरांतच आहे. पाण्याचा हंडा पतीनें उचलावा. सासूबाईंनीं सुनेस आपल्याबरोबर जेवावयास बसवावें, दुपारीं निजूं द्यावें. शेवग्याचा पाला व कुरडू यांस पैसा पडत नाहीं. दिवस गेल्याचें कळतांच आरोग्य केंद्रांत नांव नोंदवावें व लोहाच्या गोळ्या चुकवूं नयेत. बालक हलकें जन्मलेंच, तर त्यास लगेच न्हाऊं घालूं नये. आईच्या उघड्या छातीशीं धरून वर पांघरूण घालावें, अंगावर पाजावें, व विलंब न करितां दवाखान्यांत दाखवावें.

प्रश्न :
१. कमी वजनाचें बालक कोणास म्हणावें?
२. आईच्या कष्टांचा बालकाच्या वजनाशीं काय संबंध दिसला?
३. आपल्या घरांतील गर्भवतीच्या कामांपैकीं कोणतें काम आपण आजच आपल्याकडे घ्याल?