सर्पांवरील सूक्ष्म गोचीड : भीमाशंकर परिसरातील एक दुर्लक्षित प्रश्न

पावसाळा सुरू झाला की आंबेगाव व जुन्नर तालुक्यांतील वाड्या-वस्त्यांवर साप दिसू लागतात. बिळांत पाणी शिरते, उंदीर-बेडूक घराकडे सरकतात आणि त्यांच्या मागोमाग नाग, घोणस, धामण, दिवड हेही गोठ्यापर्यंत येऊन पोहोचतात. पूर्वी असा साप बहुधा काठीखाली संपत असे. अलीकडे सर्पमित्रांच्या प्रयत्नांमुळे तो जिवंत पकडला जातो, ही समाधानाची गोष्ट होय. तथापि पकडल्यापासून सोडेपर्यंतच्या काळात त्या सापाचे काय होते, इकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. कधी शाळेतील मुलांना दाखवावयाचा म्हणून, तर कधी सवडीने भीमाशंकरच्या रानात नेऊन सोडू म्हणून तो चार-आठ दिवस पोत्यात किंवा बरणीत राहतो. एका क्षुद्र दिसणाऱ्या किडीला नेमकी हीच संधी हवी असते.

ही कीड म्हणजे सापाचे रक्त शोषणारी सूक्ष्म गोचीड. शास्त्रीय भाषेत तिला ‘ऑफिओनिसस नॅट्रिसिस’ म्हणतात. फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ जेर्व्हे यांनी १८४४ साली तिचे वर्णन केले. पूर्ण वाढलेली मादीही जेमतेम एक मिलिमीटर, खसखशीच्या दाण्याएवढी असते. रक्त प्यायल्यावर ती काळपट दिसते. गुरांवरील गोचिडीसारखी मोठी गोचीडही सापांवर आढळते. धामण, अजगर यांच्या खवल्यांखाली ती चिकटून बसलेली असते आणि नुसत्या डोळ्यांनी सहज दिसते. या दोहोंत गल्लत होऊ नये. रानातील धामणीच्या अंगावर दोन-चार मोठ्या गोचिडी असणे ही नित्याची बाब असून तेवढ्यासाठी तिला उपचारार्थ अडकवून ठेवण्याचे मुळीच कारण नाही.

सूक्ष्म गोचिडीचा जीवनक्रम मात्र समजून घेण्यासारखा आहे. मादी रक्त पिऊन सापाचे अंग सोडते आणि जवळच्या अंधाऱ्या, दमट फटीत अंडी घालते. एक मादी आयुष्यात ६० ते ८० अंडी घालू शकते. अंड्यातून निघालेली अळी काहीच खात नाही. कात टाकून पुढच्या अवस्थेत गेल्यावर तिला रक्त लागते. २५ ते ३० अंश सेल्सिअस तापमानात अंड्यापासून प्रौढापर्यंतचा प्रवास १३ ते १९ दिवसांत पुरा होतो. रानात साप एका जागी थांबत नाही. तो निघून जातो आणि मागे राहिलेली बहुतेक पिले उपाशी मरतात किंवा कोरड्या हवेने सुकून जातात. पेटीतला साप कोठे जाणार? तीच फट, तोच ओलावा आणि तोच साप पिढ्यान्‌पिढ्या मिळत राहिल्याने महिन्या-दीड महिन्यात शेकडो किडी होतात. म्हणूनच हा रोग सापाइतकाच पेटीचा आहे, असे समजून उपाय योजावे लागतात.

नुकसान केवळ रक्तक्षयापुरते थांबत नाही. ही कीड एका सापाकडून दुसऱ्याकडे जिवाणू नेते व त्यामुळे रक्तदोषाचा घातक आजार पसरतो, हे अमेरिकन संशोधक कॅमिन यांनी १९४८ साली दाखवून दिले. साप हाताळणाऱ्या माणसाच्या कातडीवरही तिच्या चाव्याने खाजरे पुरळ उठल्याच्या नोंदी आहेत.

लक्षणे

साप तासन्‌तास पाण्याच्या भांड्यात बसून राहतो, अंग घासतो, अन्न नाकारतो. कात अखंड न निघता तुकड्यांनी निघते. डोळ्यांच्या कडेला व हनुवटीखालील खाचेत काळे ठिपके, तर खवल्यांवर पांढरी भुकटी दिसते. ती भुकटी म्हणजे किडीची विष्ठा होय. पेटीत पांढरा कागद अंथरला तर संशय लवकर फिटतो.

उपाय आणि अपाय

जुन्नर-आंबेगावात द्राक्षे, टोमॅटो व ऊस यांची शेती असल्याने कीटकनाशकाचा डबा घरोघरी हाताशी असतो. तोच सापावर रिकामा करण्याचा मोह होतो. हा उपाय किडीआधी सापाला मारतो, कारण त्याच्या मज्जासंस्थेवर या औषधांचा तीव्र परिणाम होतो. परदेशी प्राणिसंग्रहालयांत एकेकाळी डायक्लोरव्हॉसच्या पट्ट्या पेटीजवळ टांगत असत. त्या औषधाचा वापर भारतात २०२० अखेर बंद झाला आहे. रॉकेल व फिनेल हेही वर्ज्य समजावे.

अधिकृत उपचार केंद्रांत पशुवैद्यक फिप्रोनिल किंवा आयव्हरमेक्टिन मोजून वापरतात. यांपैकी आयव्हरमेक्टिन कासवांना प्राणघातक ठरते, तेव्हा दोन्ही प्राणी सांभाळणाऱ्यांनी विशेष जपावे. कोमट पाण्यात साप बसविल्याने पुष्कळ किडी बुडतात, उरलेल्या डोक्याकडे धाव घेतात. विषारी सापाच्या बाबतीत हा प्रयोग अननुभवी माणसाने करू नये, हे सांगावयास नकोच. औषधाने अंडी मरतीलच असा भरवसा नसल्याने उपचार पुन्हापुन्हा करावे लागतात. पेटीतील माती, लाकूड, पालापाचोळा जाळून टाकून पेटी कढत पाण्याने धुणे हे औषधाइतकेच महत्त्वाचे. नवा साप जुन्यांत मिसळण्यापूर्वी एक ते तीन महिने वेगळा ठेवण्याची रीत जगभर मान्य आहे.

घरी साप पाळणाऱ्यांना हे सारे लागू करता येईल, असा समज मात्र कोणी करून घेऊ नये. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वये आपल्याकडील वन्य साप पकडून बाळगता येत नाहीत. परदेशी अजगरासारख्या जाती शहरांतून हौसेने पाळल्या जातात. त्यांपैकी आंतरराष्ट्रीय व्यापार-नियंत्रणाखालील जातींची नोंदणी २०२४ च्या केंद्रीय नियमांनी आवश्यक केली आहे. व्यापारातील सापांबरोबरच ही कीड जगभर फिरली. असा साप कंटाळा आला म्हणून रानात सोडणे किती घातक, हे यावरून ध्यानी यावे.

भीमाशंकरचे अभयारण्य १९८५ साली मुख्यतः शेकरूसाठी स्थापन झाले. चापड्यासारखे सह्याद्रीतील सापही तेथे राहतात. पावसाळ्यात तेथील हवा किडीच्या अंड्यांना मानवते. अनेक साप एकाच पोत्यात कोंबून, आठवडाभर ठेवून मग त्या रानात सोडले, तर एकाची कीड व आजार सर्वांबरोबर रानात जातात. शिवाय सपाटीवरील शेतातला घोणस दाट, ओल्या जंगलात नेऊन त्याचेही भले होत नाही. तमिळनाडूतील इरुला सर्पपकड्यांची १९७८ साली स्थापन झालेली सहकारी संस्था विष काढण्यासाठी साप मडक्यांत ठेवते, पण तीही काही आठवड्यांतच ते पुन्हा रानात सोडते. येथे तर विष काढण्याचेही प्रयोजन नाही.

साप निघाल्यास ग्रामपंचायतीने वन विभागास कळवावे. त्यासाठी १९२६ हा दूरध्वनी क्रमांक उपलब्ध आहे. पकडलेला साप शक्य तर त्याच दिवशी, त्याच शिवारातील वस्तीपासून दूरच्या जागी वन कर्मचाऱ्यांच्या सल्ल्याने सोडावा. शिक्षकांनी वर्गासाठी जिवंत साप मागवू नये, चित्रे पुरेशी आहेत. एका पिशवीत एकच साप घालावा आणि वापरलेली पिशवी दुसऱ्या सापासाठी घेण्यापूर्वी उकळत्या पाण्यातून काढून कडक उन्हात वाळवावी. पावसाळ्यात ऊन मिळाले नाही, तर ती चुलीजवळ पूर्ण सुकेपर्यंत टांगावी.