नीटच्या यादीपलीकडचं जीवशास्त्र

गेवराई असो, माजलगाव असो की अंबाजोगाई, बायोलॉजी घेतलेल्या मुलाला आपल्या बीड जिल्ह्यात सगळे एकच विचारतात: नीटला किती पडले? लातूरचा क्लास, एक रिपीट, जमलं तर दुसरं रिपीट. तरीही नंबर लागला नाही की पोराची दोन-तीन वर्षं आणि त्याचं बायोलॉजी दोन्ही वाया गेलं, असं घर धरून चालतं. हे मला अजिबात मान्य नाही. ज्या मुलाला पेशीचा धडा खरोखर आवडला होता, त्याच्यासाठी प्रयोगशाळेतलं जीवशास्त्र हे पूर्ण वाढीचं करिअर आहे. त्यातल्या एकाच कामाबद्दल इथे सविस्तर सांगायचं आहे, कारण ते आपल्या मुलांच्या कानावर सहसा पडतच नाही.

आपल्या शरीरातल्या कितीतरी पेशी चालतात. जखमेत जंतू शिरला की पांढरी पेशी रक्तवाहिनीतून बाहेर पडून त्याच्या दिशेने सरकते. कॅन्सरची पेशी मूळ गाठ सोडून दुसऱ्या अवयवात जाऊन बसते. पेशीने पुढची कड कोणत्या बाजूला काढायची, हे आतली प्रथिनं एकमेकांना निरोप देऊन ठरवतात. रो, रॅक आणि सीडीसी४२ ही त्यातली तीन महत्त्वाची. ही प्रथिनं पेशीत कायमच असतात. खरा प्रश्न असतो तो या क्षणी त्यातलं कोणतं, कुठे चालू आहे, याचा. पेशी मारून, रंगवून काचपट्टीवर पाहिली तर प्रथिन कुठे आहे ते दिसतं, पण निरोपाचा प्रवास दिसत नाही. माजलगाव धरणाच्या कालव्याचा नकाशा हातात असला, म्हणून आत्ता कोणत्या चारीला पाणी सुटलंय हे थोडंच कळतं?

पेशीतला हा प्रवास कळण्यासाठी फ्लुरोसंट बायोसेन्सर तयार झाले. ओसामु शिमोमुरा यांनी १९६२ मध्ये एका जेलीफिशमधून हिरवं चमकणारं प्रथिन वेगळं केलं. मार्टिन चाल्फी यांनी १९९४ मध्ये त्याचं जनुक दुसऱ्या सजीवांत घालून तेही चमकतात हे दाखवलं. रॉजर त्सिएन यांनी त्याचे वेगवेगळे रंग घडवले. तिघांना २००८ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. आता एका प्रचलित रचनेत निळसर आणि पिवळं अशी दोन चमकणारी प्रथिनं एकाच रेणूत बसवतात. निरोप आला की रेणूचा आकार बदलतो, दोघं दहा नॅनोमीटरच्या आत येतात आणि निळसर प्रथिनाने शोषलेली ऊर्जा पिवळ्याकडे जाते. याला फ्रेट म्हणतात. पिवळ्या आणि निळसर उजेडाचं गुणोत्तर काढलं की जिवंत पेशीत निरोप कुठे आणि कधी पोहोचला, याचा चित्रपटच मिळतो.

असे चित्रपट पाहून पाठ्यपुस्तकं बदलावी लागतात. कड पुढे ढकलण्याचं काम रॅक करतं आणि रो मागची बाजू आवळून घेतं, अशी समजूत होती. २००९ मध्ये याच तंत्राने मोजलं तेव्हा कड पुढे सरकते त्याच वेळी तिथे रो चालू झालेलं सापडलं. रॅक आणि सीडीसी४२ चालू झाले ते कडेपासून दोन मायक्रॉन मागे, चाळीस सेकंदांनी. डोळ्याला न दिसणाऱ्या जागेतला चाळीस सेकंदांचा उशीर माणूस मोजू शकतो, ही गोष्ट मला आजही थक्क करते.

हे काम फक्त परदेशात चालतं असं नाही. पुण्याच्या आयसर या विज्ञान संस्थेत अर्णब घोष यांची प्रयोगशाळा वाढत्या चेतातंतूचं टोक वाट कशी शोधतं हे पाहते, तर नागराज बालसुब्रमण्यम यांची प्रयोगशाळा पेशी पृष्ठभागाला चिकटते तेव्हा आत कोणते निरोप जातात यावर काम करते. मुंबईच्या टीआयएफआर या संशोधन संस्थेत अंकोना दत्ता यांच्या प्रयोगशाळेत नवे सेन्सरच घडवले जातात. पुण्याचं एनसीसीएस हे पेशीविज्ञान केंद्र देशभरच्या प्रयोगशाळांना संशोधनासाठी पेशी पुरवतं.

रोजचं काम मात्र चिकाटीचं आहे. पेशी ३७ अंशांवर, पाच टक्के कार्बन डायऑक्साइडमध्ये जपायच्या, सेन्सरचं जनुक त्यांच्यात घालायचं, अंधाऱ्या खोलीत तासन्‌तास सूक्ष्मदर्शकापाशी बसायचं. उजेड जास्त दिला तर पेशी मरते, कमी दिला तर चित्र अंधूक येतं. सेन्सरमुळेच पेशीचं वागणं बिघडलं नाही ना, हे तपासायला मुद्दाम निकामी केलेला सेन्सर घेऊन तोच प्रयोग पुन्हा करावा लागतो. घाईच्या मुलाने इकडे येऊ नये. पण ज्याला कोडिंग आवडतं त्याला इथे मोठी मागणी आहे, कारण हजारो चित्रांमधून आकडे काढण्याचं काम संगणकावरच होतं.

आता रस्ता. अकरावीला शक्य असेल तर गणित सोडू नका, पीसीएमबी घ्या. आयसरच्या प्रवेशपरीक्षेत, म्हणजे आयएटीमध्ये, भौतिक, रसायन, जीवशास्त्र आणि गणित यांचे प्रत्येकी पंधरा प्रश्न असतात. गणित सोडलेल्या मुलाचे एक चतुर्थांश गुण पणाला लागतात. तिथे पाच वर्षांत बीएस-एमएस होतं. तिथे नंबर नाही लागला तर बीडच्या बलभीम किंवा अंबाजोगाईच्या योगेश्वरी महाविद्यालयातून बीएस्सी करूनही वाट बंद होत नाही. पुढे जॅम किंवा गॅट-बी ही प्रवेशपरीक्षा देऊन चांगल्या संस्थेत एमएस्सीला जाता येतं. बीएस्सीत असतानाच तीन विज्ञान अकादमींच्या उन्हाळी संशोधन शिष्यवृत्तीला अर्ज करा. निवड झाली तर दोन महिने खऱ्या प्रयोगशाळेत काम करायला मिळतं आणि विद्यावेतनही मिळतं.

पालकांचा प्रश्न पैशाचा आणि वयाचा असतो, आणि तो रास्त आहे. बारावीनंतर पीएच.डी. हातात येईपर्यंत दहा-अकरा वर्षं जातात. पण शेवटची पाच-सहा वर्षं घरून पैसे मागावे लागत नाहीत: सीएसआयआर-यूजीसीची जेआरएफ ही अधिछात्रवृत्ती मिळाली तर २०२३ पासून महिन्याला ३७,००० रुपये आणि दोन वर्षांनी ४२,००० रुपये, घरभाडं वेगळं. बार्टी, सारथी आणि महाज्योती या राज्याच्या संस्थाही आपापल्या प्रवर्गातल्या पीएच.डी. विद्यार्थ्यांना अधिछात्रवृत्ती देतात. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी संत भगवानबाबा वसतिगृह योजना आहे. बारावीपर्यंतचा काळ निभावण्यासाठी तिची चौकशी जरूर करा.

नंतरच्या नोकऱ्या म्हणजे फक्त प्राध्यापकी नव्हे. जिवंत पेशींवर औषधाचा परिणाम तपासणाऱ्या औषध कंपन्या, संस्थांमधले सूक्ष्मदर्शक विभाग, सूक्ष्मदर्शक बनवणाऱ्या कंपन्यांचे तांत्रिक तज्ज्ञ, चित्रविश्लेषणाची कामं, असे पर्याय आहेत. कायम प्राध्यापकाच्या जागा थोड्या आहेत, हे मात्र मुलाला आधीच स्पष्ट सांगा.

राष्ट्रीय विज्ञान दिनाला, २८ फेब्रुवारीच्या सुमारास, अनेक संशोधन संस्था लोकांसाठी खुल्या असतात. मुलाला घेऊन तेव्हा पुण्याला जा. तिथे भेटणाऱ्या पीएच.डी.च्या मुलामुलींना थेट विचारा: मार्गदर्शक किती वेळ देतात, प्रबंधाला किती वर्षं लागतात, मागचे विद्यार्थी आज कुठे आहेत, आणि मराठी माध्यमातून आलेल्यांनी इंग्रजी कशी सावरली.