वय झालं, म्हणजे काय झालं?

माझी आई तेव्हा 76 वर्षांची होती. एके दिवशी सकाळी ती मोरीत पाय घसरून पडली. तालुक्याला नेऊन फोटो काढला. हाड मोडले नव्हते. नुसता मुका मार होता.

घरी आल्यावर मी तिला बजावले, "आई, आता तू खाटेवरून उठायचं नाहीस. सगळं जागेवर मिळेल."

आणि मिळालेही. सून ताट जागेवर आणून देई. नातवंडे पाणी देत. गावातले लोक म्हणत, "गुरुजी आईची सेवा करतात हो!" ते ऐकून मला बरे वाटे. दीड महिन्याने मार बरा झाला. आई उठायला गेली, तर तिचे पाय लटलट कापू लागले. पुढे तीन वर्षे ती जगली. पण अंगणातल्या तुळशीपर्यंत ती पुन्हा आपल्या पायांनी गेली नाही. मी डॉक्टरांना विचारले. ते म्हणाले, "वय झालं, गुरुजी." मीही मान डोलावली.

चूक कोठे झाली हे मला फार उशिरा कळले. तेच आज तुम्हांला सांगतो.

लहान मुलांचे डॉक्टर वेगळे असतात, हे आपल्याला ठाऊक आहे. तसे म्हाताऱ्या माणसांचेही वेगळे डॉक्टर असतात. त्यांच्या विद्येला 'जेरियाट्रिक्स' म्हणतात. हे नाव न्यूयॉर्कच्या नॅशर नावाच्या डॉक्टरांनी 1909 साली दिले. नाव ऐकून दचकू नका. 'जरा' म्हणजे म्हातारपण, हा आपला जुना शब्द. 'जेरियाट्रिक्स'मधला ग्रीक शब्द आणि आपला 'जरा' हे एकाच कुळातले. आयुर्वेदाच्या आठ अंगांतही जराचिकित्सा आहेच.

पण ही विद्या खरी उभी केली ती एका बाईंनी. त्यांचे नाव मार्जोरी वॉरेन. त्या लंडनच्या वेस्ट मिडलसेक्स इस्पितळात डॉक्टर होत्या. 1935 साली शेजारच्या अनाथ-गरिबांच्या दवाखान्यातले सातशेच्या वर रोगी त्यांच्याकडे आले. त्यांत म्हातारी माणसे पुष्कळ. कित्येक जण वर्षानुवर्षे खाटेवर पडून होते. त्यांना कोणी नीट तपासलेलेही नव्हते. "वय झालं" एवढेच त्यांचे दुखणे!

वॉरेनबाईंनी एकेकाला तपासले. कोणाला काय झाले आहे, ते लिहून काढले. मग त्यांना खाटेवरून उठवायला सुरुवात केली. आधी बसवायचे, मग उभे करायचे, मग धरून चालवायचे. खोल्यांत उजेड वाढवला. आणि काय आश्चर्य! कायमचे पडलेले समजलेले कित्येक लोक पुन्हा चालू लागले. काही आपापल्या घरी गेले. वैद्यकीच्या विद्यार्थ्यांना हा विषय शिकवलाच पाहिजे, असे बाईंनी पुढे लिहून मांडले.

आपल्या देशात मद्रासच्या सरकारी इस्पितळात 1978 साली म्हाताऱ्या रोग्यांसाठी वेगळा विभाग सुरू झाला. 1996 साली तेथील वैद्यकीय महाविद्यालयात या विषयाची एम.डी. ही पदवी सुरू झाली. मी पडलो मॅट्रिक, तेव्हा ही एम.डी. काय ते मलाही विचारूनच घ्यावे लागले. बारावीनंतर साडेपाच वर्षे शिकून माणूस डॉक्टर होतो. त्यानंतर आणखी तीन वर्षे एकाच विषयाचा अभ्यास, म्हणजे एम.डी.

एवढे काय शिकतात हो? पाहा. म्हातारे माणूस आले की हे डॉक्टर आधी त्याला खुर्चीवरून उठायला सांगतात. दहा फूट चालायचे, वळायचे, परत येऊन बसायचे. त्याला किती वेळ लागला, ते घड्याळात पाहतात. मग औषधांची पिशवी ओतायला सांगतात. झोपेच्या किंवा रक्तदाबाच्या गोळीने झोक जात असेल, तर ती बदलतात. (आपल्या मनाने मात्र कोणी गोळी बंद करू नये.) डोळ्यांत मोतीबिंदू आहे का, जेवण किती, घरात बोलायला कोणी आहे का, हेही विचारतात.

आजार झाल्यावर औषध देणे वेगळे आणि आरोग्य टिकवणे वेगळे. दुसऱ्या कामाला आरोग्य-संवर्धन म्हणतात. 1986 साली कॅनडातल्या ओटावा शहरात त्यासाठी जागतिक परिषद भरली होती. आपले आरोग्य लोकांच्या स्वतःच्या हाती यावे, असे तिने सांगितले. हा अभ्यास नर्सबाई आणि समाजसेवकही करतात.

आता माझी चूक सांगतो. 2007 साली अमेरिकेत धडधाकट अशा बारा वयस्क माणसांना दहा दिवस खाटेवर ठेवून पाहिले. दहाच दिवसांत त्यांच्या पायांचे मांस सरासरी जवळजवळ एक किलो झडले. दहा दिवसांत एवढे! मी आईला दीड महिना झोपवले होते.

गेलेले बळ परत येते का? काही अंशी येते. 1990 साली बोस्टन शहरात नव्वदीच्या आसपासच्या दहा दुबळ्या माणसांना पायांनी वजन उचलायचा व्यायाम दिला. एकाने मध्येच सोडला. बाकीच्यांच्या पायांचे बळ आठ आठवड्यांत सरासरी दुपटीहून जास्त वाढले.

म्हातारे माणूस पडले आणि पाय टेकवत नसेल, किंवा पाय आखूड वा वाकडा दिसत असेल, तर ओढून उभे करू नका. तसेच दवाखान्यात न्या. पण हाड शाबूत आहे असे डॉक्टरांनी सांगितले, तर केव्हा उठवायचे तेही त्यांना त्याच वेळी विचारा. मी ते विचारले नाही.

पडण्याची वाट कशाला पाहायची? भिंतीला टेकवून खुर्ची ठेवा. जवळ कोणी उभे राहा. पाच वेळा बसायचे, पाच वेळा उठायचे. पाय लवकर बळकट होतात. नुसत्या चहा-भाकरीवर मात्र मांस धरत नाही. "म्हातारीला काय लागतं?" असे आपण म्हणतो. तिला डाळ, दूध, अंडे लागते, आणि तुमच्याइतकेच लागते.

केंद्र सरकारने 2010 साली वृद्धांच्या आरोग्याची राष्ट्रीय योजना सुरू केली. जिल्हा रुग्णालयात दहा खाटा आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात आठवड्यातून एक दिवस तपासणी, असे तीत ठरले आहे. तुमच्या केंद्रात तो वार कोणता, हे जाऊन विचारा. फळ्यावर लिहिलेला असेल, तर आता तुम्हांला वाचता येईल.

वर्गात बोला

मी आईला खाटेवर ठेवले, तेव्हा गावाने मला चांगले का म्हटले?

तुमच्या घरात "वय झालं" असे कोणाला म्हणतात? त्यांना शेवटचे केव्हा तपासले?

तुमच्या घरातल्या खाटेपासून मोरीपर्यंतच्या वाटेवर रात्री काय काय पडलेले असते? आज घरी जाऊन पाहा आणि उद्या पाटीवर लिहून आणा.