ते सगळं ठीक, पण मशीन आणली कशी?

थर्ड इयरच्या सेमिनारला मी ‘मावळा’ हा विषय घेतला होता. मुंबईच्या कोस्टल रोडचे दोन बोगदे ज्या मशीनने खणले तिचं हे नाव. व्यास १२.१९ मीटर, म्हणजे आपल्या हॉस्टेलच्या गच्चीपेक्षाही उंच. ११ जानेवारी २०२१ ला प्रियदर्शिनी पार्कपाशी तिने खणायला सुरुवात केली आणि बरोबर वर्षाने, १० जानेवारी २०२२ ला, पहिला बोगदा आरपार झाला. मी चोवीस स्लाइड्स केल्या. कटरहेड, स्लरी, सेगमेंट, सगळं. सुट्टीत मुदखेडला गेले तेव्हा त्याच स्लाइड्स मोठ्या मामांना लॅपटॉपवर दाखवल्या. मामांनी शेवटपर्यंत नीट बघितलं आणि म्हणाले, “ते सगळं ठीक हाय माय, पण एवढी मशीन तिथवर आणली कशी?”

मित्रमैत्रिणींनो, माझ्या चोवीस स्लाइड्समध्ये याचं उत्तर नव्हतं. “जहाजातून, सुट्या भागांत,” असं मी म्हणाले. मामा हसले. “जहाज काय पार्कात शिरलं का?”

मामा हा प्रश्न विचारणारच होते. वीस वर्षं त्यांनी पुलर चालवला आहे. पुलर म्हणजे अवजड ट्रेलर ओढणारा ट्रॅक्टरसारखा ट्रक. आता ते गाडी चालवत नाहीत, गाडीच्या पुढे जाऊन रस्ता बघतात. याला त्यांच्या धंद्यात ‘रूट सर्व्हे’ म्हणतात. आमच्या सिलॅबसमध्ये सर्व्हेइंग आहे, थिओडोलाइट आहे, पण हा सर्व्हे नाही. (सर, हे तक्रार म्हणून नाही, सहज म्हटलं.)

योगायोग असा की त्याच मे महिन्यात मुदखेडच्या पुढे एका रस्त्याच्या कामावर क्रशर येणार होता. दगड फोडून खडी करणारा, रणगाड्यासारख्या पट्ट्यांवर उभा राहणारा. वजन ५० टन, रुंदी ३ मीटर, उंची ३.४ मीटर. न्हावा शेवाला जहाजातून उतरला होता. तिथून पनवेल, घाट चढून पुणे, मग सोलापूर, तुळजापूर, लातूर, अहमदपूर, लोहा, नांदेड आणि मुदखेड. सहाशे किलोमीटरच्या वर. यातलं शेवटच्या अठरा किलोमीटरचं काम मामांकडे होतं. मी म्हणाले, मी पण येते. मामी म्हणाल्या, उन्हाची कशाला जाऊ लालीस? पण गेले.

आधी थोडा हिशोब, कारण तो माहीत नसेल तर पुढचं कळणार नाही. आपल्याकडे मोटार वाहन नियमांप्रमाणे रस्त्यावरच्या गाडीची रुंदी २.६ मीटरपेक्षा जास्त चालत नाही. साधी पोकलेनसुद्धा पट्ट्यांपाशी पावणेतीन-तीन मीटर भरते. (पोकलेन हे मशीनचं नाव नाहीच, ते एका फ्रेंच कंपनीचं नाव आहे. हे मला यंदाच कळलं. आपण मात्र कुठल्याही कंपनीच्या मशीनला पोकलेनच म्हणतो.) म्हणजे मोठी मशीन ट्रेलरवर चढली की ती बहुतेक वेळा नियमाबाहेर जाते आणि तिच्यासाठी वेगळी परवानगी काढावी लागते. या मालाला ओडीसी म्हणतात, ओव्हर डायमेन्शनल कार्गो. साध्या ट्रकचा हौदा जमिनीपासून दीड मीटरवर असतो. त्यावर ३.४ मीटरचा क्रशर ठेवला तर जवळजवळ ४.९ मीटर होतात. म्हणून बुटका ट्रेलर घ्यायचा. आमच्या क्रशरसाठी हायड्रॉलिक ॲक्सल आला होता, त्याची पाठ १.१ मीटरवर. एकूण उंची ४.५ मीटर.

कोणी विचारेल, क्रशरला पट्टे आहेत तर तो चालवत का नेत नाहीत? तासाला एक-दोन किलोमीटर वेगाने? आणि पट्ट्यांनी उन्हातलं डांबर सोलून निघेल ते वेगळंच. दुसरा प्रश्न माझाच होता. मुदखेड जंक्शन आहे, मग रेल्वेने का नाही आणला? ब्रॉडगेजवर ३.२५ मीटर रुंदीपर्यंतचा माल जातो, म्हणजे रुंदीत तरी क्रशर बसला असता. मामा म्हणाले, “बसला असता. मग स्टेशनवर त्याला उतरवायला क्रेन आणायची. ती क्रेन कोणत्या रस्त्यानं येणार?” यावर मी गप्प.

आता वजन. इथे माझा स्वतःचा मोठा गैरसमज होता. मला वाटायचं, एवढा राक्षस रस्त्यावरून गेला की रस्ता बसणारच. पण आकडे बघा. हायड्रॉलिक ॲक्सलच्या सहा रांगा होत्या, प्रत्येक रांगेला आठ टायर. रांगेचं स्वतःचं वजन साधारण ४ टन. म्हणजे ५० अधिक २४, एकूण ७४ टन, भागिले सहा, रांगेवर १२.३ टन. भागिले आठ, एका टायरवर दीड टनाच्या जरा वर. साध्या ट्रकच्या मागच्या चार टायरच्या ॲक्सलवर २०१८ पासून ११.५ टन चालतात, म्हणजे टायरमागे जवळजवळ २.९ टन! जो ट्रक रोज हॉस्टेलसमोरून जातो तो रस्त्याला जास्त बोचतो. त्यात तो दीडपट भरला असेल तर विचारूच नका. अमेरिकेत इलिनॉय राज्यात १९५८ ते १९६० मध्ये ट्रक गोल गोल फिरवून मोठी चाचणी झाली होती. तिच्यातून निघालेला नियम असा की रस्त्याचं नुकसान ॲक्सलच्या भाराच्या साधारण चौथ्या घाताने वाढतं. भार दीडपट केला तर नुकसान पाचपट.

शिवाय या रांगांचे हायड्रॉलिक सिलिंडर एकमेकांना नळ्यांनी जोडून त्यांचे तीन गट केलेले असतात. एक चाक खड्ड्यात गेलं की त्या गटातलं तेल आपोआप सरकतं, भार सगळ्यांवर सारखा राहतो आणि वरची पाठ सपाट राहते. तीन पायांचं स्टूल कसल्याही फरशीवर डुगडुगत नाही, तेच तत्त्व. फर्स्ट इयरला मेकॅनिक्समध्ये हे शिकलो होतो आपण, फक्त तेव्हा स्टूल होतं, क्रशर नव्हता.

मग भीती कशाची? रस्ता टायर मोजतो, पण पूल एकूण वजन मोजतो. हे वाक्य मामांचं आहे, माझं नाही.

आमच्या सर्व्हेचं सामान म्हणजे एक पिकअप, तिच्या पुढे उभा बांधलेला ४.८ मीटर उंचीचा दांडा, टेप आणि वही. दांडा कशाला लागला की थांबायचं आणि लिहायचं. मोठ्या लाइन्सचं फार काही नसतं. १९५६ च्या विद्युत नियमांपासून रस्ता ओलांडणाऱ्या तारांना किमान उंची ठरलेली आहे, कमी दाबाच्या तारेला ५.८ मीटर आणि ११ हजार व्होल्टच्या तारेला ६.१ मीटर. खरा त्रास असतो खांबावरून समोरच्या घरात गेलेल्या वायरीचा. ती मापाने नाही, सोयीने ओढलेली असते. आणि मे महिन्यात तार तापून आणखी खाली झोल खाते. पहिल्या पाच किलोमीटरमध्ये दांडा अकरा वेळा लागला.

अशी वायर आली की पुष्कळ ठिकाणी काय करतात? एक पोरगा मशीनवर चढतो आणि बांबूने वायर उचलून धरतो. मामांच्या डाव्या तळहातावर जळल्याचा पांढरा डाग आहे. लहानपणी आम्ही विचारायचो तर म्हणायचे, कढईचं तेल उडालं. या वेळी पिकअपमध्ये खरं सांगितलं. तेव्हा ते हेल्पर होते, पाऊस पडून गेला होता आणि बांबू ओला होता. ओला बांबू वीज वाहून नेतो, हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. आता मामा एकच नियम पाळतात. लाइनमन येऊन सप्लाय बंद करून गेल्याशिवाय मशीनवर कोणी चढायचं नाही. मग रात्रभर थांबायला लागलं तरी चालेल.

यावरून एक खरी गोष्ट आठवली, ती तुम्ही पेपरमध्ये वाचली असेल. तिरुवनंतपुरमच्या विक्रम साराभाई अंतराळ केंद्रासाठी एक ऑटोक्लेव्ह महाराष्ट्रातून रस्त्याने नेला होता. वजन ७० टन, उंची ७.५ मीटर, रुंदी ६.६५ मीटर, गाडीला ७४ चाकं. ८ जुलै २०१९ ला निघालेली गाडी १९ जुलै २०२० ला पोहोचली. एक वर्ष! मध्ये लॉकडाऊन आला हे खरं, पण ६.१ मीटरच्या तारांखालून ७.५ मीटरची वस्तू न्यायची म्हटल्यावर दिवसाला पाच-सहा किलोमीटर गेली तरी नशीब. ‘मावळा’चं बरं, ती सुटी करता आली. ऑटोक्लेव्ह म्हणजे सलग भांडं, ते कापणार कुठे?

बाराव्या किलोमीटरला आम्हाला एक पूल लागला. नाल्यावरचा, जुन्या दगडी भिंतींवर स्लॅब टाकलेला, गाळा सहा मीटरचा. मामा खाली उतरले, मीही उतरले. स्लॅबच्या खालच्या बाजूला काँक्रीटची ढलपी निघून गज दिसत होते. मामांनी गजावर नख घासलं, गंजाचा पापुद्रा निघाला. वहीत लिहिलं, ‘नाही.’

कामावरच्या सुपरवायझरला हे पटेना. “याच्यावरून रोज उसाचे ट्रॅक्टर जातात, दोन-दोन ट्रॉल्यांचे. एक मशीन गेली तर काय होतंय?” मामा नुसते नाही म्हणत राहिले. त्यांना कारण माहीत होतं, पण कागदावर मांडता येत नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा मला वाटलं की आपला अभ्यास आत्ता, या क्षणी लागतोय.

पिकअपच्या बॉनेटवर वही ठेवून मी हिशोब केला. रांगांमधलं अंतर दीड मीटर, म्हणजे सहा मीटरच्या गाळ्यावर एका वेळी चार रांगा, ४९ टन. मधोमध बेंडिंग मोमेंट सुमारे ३७ टन-मीटर. उसाच्या ट्रॉल्या दोन असल्या तरी या पुलावर एका वेळी एकच मावते. ती बारा टनांची धरली आणि चार मीटरवर पसरली असं मानलं, तरी मोमेंट १२ टन-मीटर. क्रशरचा भार तिप्पट. रोज जाणारा ऊस हा पुरावा फक्त १२ चा आहे, ३७ चा नाही.

नवे मोठे पूल बांधताना याचा विचार केलेला असतो. इंडियन रोड्स काँग्रेसच्या संहितेत ३८५ टनांच्या खास वाहनाचा भार दिला आहे, पण तोही अटींसकट. पुलावर दुसरी एकही गाडी नको, वेग ताशी ५ किलोमीटरच्या आत आणि गाडी मधल्या रेषेपासून ३०० मिलिमीटरपेक्षा जास्त सरकायला नको. आमच्या पुलाचं ड्रॉइंगच कुठे नव्हतं, तर अटी कोणाला लावणार?

सुपरवायझरने वही दोनदा बघितली. मग फोनवर कोणाशी तरी बराच वेळ बोलला. चार दिवसांनी पुलाच्या शेजारी, कोरड्या नाल्यात, ह्यूम पाइप टाकून आणि वर मुरूम दाबून कच्चा वळणरस्ता तयार झाला. खर्च कोणी केला यावरून मामांच्या बिलातले काही पैसे कापले गेले, ते अजून मिळालेले नाहीत.

क्रशर पहाटे आला. त्याच्या पट्ट्यांखाली लाकडी फळ्या होत्या. लोखंडावर लोखंड ठेवलं की घसरतं, मध्ये लाकूड घातलं की घर्षण वाढतं. चारी कोपऱ्यांना साखळ्या ताणलेल्या. युरोपातल्या मानकात पुढच्या दिशेला वजनाच्या ०.८ पट जोर धरून बांधायला सांगतात, म्हणजे ५० टनांना ४० टन, कारण करकचून ब्रेक लागला की माल पुढेच येतो. मामांनी प्रत्येक साखळीवर पान्याने टक्‌टक्‌ करून आवाज ऐकला. एक साखळी बद्द वाजली, ती पुन्हा ताणायला लावली. मग ते वळणरस्त्यावर उतरले आणि गाडीकडे तोंड करून, पाठीमागे न बघता, हाताने खुणा करत उलटे चालत गेले. साठ मीटरला अकरा मिनिटं लागली. मी घड्याळ लावलं होतं.

जूनच्या दुसऱ्या पावसात तो वळणरस्ता वाहून गेला. पूल तिथेच आहे, ऊस जातोच आहे. सेमिनारमध्ये मी पंचविसावी स्लाइड टाकली. तिच्यावर मामांच्या वहीतल्या त्या पानाचा फोटो आहे, ‘नाही’ लिहिलेला.