चिंध्यांचा अभ्रा

मुलांनो, आपले न्हावा-शेवा बंदर 1989 साली सुरू झाले. तिथून कापड देशोदेशी जाते. शिंप्याकडच्या चिंध्या मात्र गावातच राहतात. आपल्या आज्या त्यांच्या गोधड्या शिवायच्या. तसाच 16 इंची चौकोनी उशीचा अभ्रा शिवू या.

साहित्य : सुती तुकडे, कात्री, सुई-दोरा, पट्टी, खडू.

कृती :
1. तुकडे आधी धुवा. नवे कापड आटते, कधी रंगही सोडते.
2. 5 इंची 16 चौकोन कापा. 4-4 च्या 4 ओळी जोडा. प्रत्येक कडेला अर्धा इंच शिवणीत जातो, म्हणून चौकोन 4 इंच दिसतो.
3. मागे 17 बाय 11 इंचांचे 2 तुकडे घ्या. दोघांची एकेक लांब कड 1 इंच दुमडून शिवा. त्या कडा एकमेकींवर 3 इंच येतील. उशी तिथूनच आत जाते, बटण नको.
4. सुलट बाजू आत ठेवून चारी कडा शिवा नि उलटवा.

माझी फजिती : आजी वारली. तिच्या लुगड्याचे चौकोन मी 4 इंचीच कापले. शिवण धरलीच नाही! पुढची बाजू 12 इंचच भरली. मला रडूच आले. तसले कापड पुन्हा कुठून आणायचे? आई म्हणाली, "अगं, काठ आहे ना!" लुगड्याचा 3 इंची काठ चारी बाजूंना लावला. तो 2 इंच दिसला आणि 12 चे 16 झाले.

आधी हिशेब, मग कात्री!

सांगा पाहू : 20 इंची उशीला 16 चौकोन किती इंची कापाल?